घरचें विज्ञान : मोटारीच्या पंख्यानें केव्हां जागें व्हावें?

वैशाख लागला कीं आपल्या मराठवाड्यांत ऊन आणि लग्नसराई या दोहोंसही एकदमच भर येतो. नांदेडचीं वऱ्हाडें लातुरास जातात आणि लातूरचीं नांदेडास येतात. एरव्हीं भाजीबाजार आणि शाळा यांपलीकडे ज्यांची फारशी मजल जात नाहीं अशा घरोघरच्या मोटारींना आजीआजोबा, लेकुरवाळ्या सुना, आहेराच्या पेट्या आणि फराळाचे डबे घेऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर धांवावें लागतें. गोदाकांठच्या नांदेडाहून निघावयाचें, लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें मागें टाकीत बालाघाटच्या पठारावर चढावयाचें आणि लातूर गांठावयाचें. आणि हें सर्व ४२-४३ अंशांच्या उन्हांत! मग वाटेंत कोठें तरी लिंबाच्या विरळ सावलींत तोंड वासून वाफ सोडीत उभी असलेली एखादी मोटार दृष्टीस पडते. भोंवतीं घामाघूम झालेली मंडळी असतात आणि मध्यें हातांत पाण्याची बाटली घेतलेला कोणी तरी उत्साही तरुण असतो.

अशा प्रसंगीं जो तो एकच निदान करितो. "आपला मुलूख उष्ण. गाडीच्या पंख्याचा स्विच थंड देशाच्या मापाचा. तो काढून पंखा लवकर सुरू होईल असा कमी अंशांचा स्विच बसवा, म्हणजे झालें!" हें निदान दिसावयास इतकें सरळ आहे कीं त्याची परीक्षा करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. ती परीक्षा या महिन्यांत आपण करूं. चुकीच्या स्विचाचें मोल केवळ गॅरेजच्या बिलांत मोजून भागत नाहीं. घरांतल्या माणसाच्या भाजलेल्या हातानेंही तें कधीं कधीं चुकतें करावें लागतें.

प्रथम हा पंखा कशासाठीं असतो तें पाहूं. एंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामीं येते. तेवढीच धुराबरोबर निघून जाते. उरलेला जवळजवळ तितकाच हिस्सा एंजिनाच्या भोंवतीं खेळणारें पाणी उचलून रेडिएटरकडे नेतें, आणि रेडिएटर तो वाऱ्याच्या स्वाधीन करितो. गाडी ताशीं पन्नाससाठ किलोमीटर वेगानें धांवत असली म्हणजे समोरून येणारा वाराच या कामास बहुधा पुरतो. परंतु रेल्वेच्या फाटकाशीं किंवा वरातीच्या मागें गाडी थांबली, अथवा नांदेडास दसऱ्याला सचखंड गुरुद्वाऱ्याकडे लोटणाऱ्या गर्दींत ती पावलापावलानें सरकूं लागली कीं समोरचा वारा नाहींसा होतो. त्या वेळीं तो वारा उत्पन्न करणें हें पंख्याचें काम होय.

जुन्या मोटारींत हा पंखा एंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर आणि मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली पद्मिनी या दोन्ही गाड्या वाचकांच्या पाहण्यांतल्या आहेत. त्यांच्या पंख्यास विवेक असा नव्हता. पौषांतील पहाटे गरज नसतां तो फिरे. आणि गर्दींत, जेव्हां खरी गरज तेव्हां, एंजिन मंद झाल्यामुळें तोही मंद होई. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली. तिचें एंजिन आडवें बसविलेलें असल्यामुळें पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येण्यास सोय नव्हती, म्हणून तिला विजेचा पंखा देण्यांत आला. विजेचा पंखा एंजिनाच्या वेगाचा मिंधा नाहीं. मात्र 'आतां फीर' आणि 'आतां थांब' असें सांगणारा कोणी तरी त्याला हवा. तो सांगणारा म्हणजे हा स्विच; मिस्त्री मंडळी त्याला 'थर्मोस्विच' किंवा नुसता 'फॅन-स्विच' म्हणतात.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. अलीकडच्या इंधन-फवारणीच्या गाड्यांत हा निराळा स्विच बहुधा नसतो. पाण्याचें तापमान सांगणारा संवेदक गाडीच्या संगणकास खबर देतो आणि पंखा केव्हां फिरवावयाचा तें संगणक ठरवितो. ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल त्यांनीं स्विच निवडण्याच्या भरीस पडूं नये. परंतु पुष्कळ घरांतून जुनी कार्ब्युरेटरची मारुति अजून नांदत आहे. कोठें आजोबांची पद्मिनी, कोठें शेताकडे जाण्यासाठीं राखलेली जीप आहे, आणि तिला मागाहून विजेचा पंखा बसविलेला आहे. पुढील विवेचन त्यांच्यासाठीं.

पाण्याच्या वाटेवर दोन द्वारपाल असतात, आणि त्यांची गल्लत झाली कीं सगळाच घोटाळा होतो. पहिला द्वारपाल थर्मोस्टॅट. या शब्दाचा पूर्वार्ध ग्रीक 'थर्मोस', म्हणजे उष्ण. संस्कृत 'घर्म' हा त्याचा भाऊबंद, आणि या घर्मापासूनच आपला 'घाम' आला. उत्तरार्ध आपल्या 'स्था' धातूच्या कुळांतला. तेव्हां घर्मास एका जागीं स्थिर ठेवणारा तो थर्मोस्टॅट, असा अर्थ संस्कृतज्ञांस आपोआपच लागेल. त्याच्या पोटांत मेणाची गोळी असते. पाणी ठराविक अंशांपर्यंत तापलें कीं मेण वितळून फुगतें आणि दार ढकलतें. तोंवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊंच देत नाहीं. एंजिन फार थंड राहूं नये ही त्याची जबाबदारी. थंड एंजिन तेल अधिक पितें आणि झिजतेंही अधिक. म्हणून 'उष्ण मुलखांत थर्मोस्टॅट काढूनच टाकावा' हा सल्लाही ऐकूं नये.

दुसरा द्वारपाल आपला स्विच. त्याच्या आंत दोन धातू एकमेकांस चिकटवून केलेली लहानशी चकती असते. तापल्यावर एक धातू अधिक पसरतो आणि दुसरा कमी, म्हणून चकती वांकते व एका क्षणीं 'टक्' करून उलटते. त्यासरशी विजेचा मार्ग जुळतो. ही युक्ति जुनी आहे. अठराव्या शतकांत जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनें समुद्रावरच्या घड्याळांत ती योजिली. पुढें १८९६ मध्यें गियोम यांनीं जवळजवळ न पसरणारा 'इन्व्हार' नांवाचा लोखंड-निकेलचा मिश्रधातु शोधून काढला, आणि १९२० सालीं त्यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरची विजेची इस्तरी ठराविक उष्णतेवर आपोआप बंद होते तीही अशाच जोडधातूच्या पट्टीमुळें.

उलटलेली चकती पूर्वस्थितीस येण्यास पाणी थोडें अधिक निवावें लागतें. म्हणून स्विचावर बहुधा दोन आंकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९२/८७. याचा अर्थ पंखा ९२ अंशांवर सुरू होईल आणि ८७ वर थांबेल. हें अंतर दोष नसून गुण आहे. तें नसतें तर पंखा मिनिटांत दहा वेळां सुरू होऊन दहा वेळां थांबला असता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मुलूख उष्ण आहे हें तर खरेंच. त्याचा परिणाम काय होतो? रेडिएटर किती उष्णता टाकूं शकेल हें पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर आहे असें धरा. लातुरास हिवाळ्याच्या सकाळीं हवा १४ अंश असेल तर अंतर ७६. वैशाखाच्या दुपारीं हवा ४३ अंश असेल तर अंतर ४७. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा हिवाळ्यांत रुपयाभर काम करीत असेल तर वैशाखांत दहा आण्यांचेंच करील. उन्हाळ्यांत मोटारी तापतात याचें कारण ही सहा आण्यांची तूट होय.

ही तूट कमी अंशांच्या स्विचानें भरून येते काय? येत नाहीं. स्विच पंख्यास 'केव्हां' एवढेंच सांगतो. 'किती' हें त्याच्या हातीं नाहीं. रेडिएटर स्वच्छ आणि पंखा दमदार असेल तर ९२ अंशांवर सुरू झालेला पंखाही पाणी ८७ पर्यंत उतरवून थांबेल. रेडिएटर तुंबलेला असेल तर पंखा ८२ वर सुरू करा कीं ९२ वर, कांटा शेवटीं त्याच उंचीस जाऊन पोंचेल. फार तर चारदोन मिनिटें उशिरानें पोंचेल. पंगतींत वाढपी अर्धा तास आधीं येऊन उभे राहिले म्हणून कांहीं पातेल्यांतला भात वाढत नाहीं. शिवाय आणखी एक हिशेब आहे. ४३ अंशांच्या हवेंत पाणी ९२ वर असतां अंतर ४९ आणि ८२ वर असतां ३९. पाणी जितकें निववूं पाहावें तितकें रेडिएटरचें काम अवघड होतें. उन्हाळ्यांत पंख्यानें अधिक वेळ फिरावें हें योग्यच, आणि योग्य स्विच असला कीं तो आपण होऊन अधिक वेळ फिरतोच. त्यासाठीं आंकडा खालीं आणण्याची गरज नाहीं.

आंकडा खालीं आणल्यानें नुसता लाभ होत नाहीं असें नव्हे, तर हानि होते. आमच्या परिचयाच्या नांदेडच्या एका एकत्र कुटुंबांत जुनी गाडी आहे, तिला मागाहून विजेचा पंखा बसविलेला. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, स्विच ९२/८७. दोन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून तो स्विच काढून त्यांनीं ८२/७७ चा बसविला. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. एंजिन चालू असतां थर्मोस्टॅट एंजिनाकडील पाणी ८२ च्या खालीं जाऊं देत नाहीं, आणि स्विच तर ७७ वर पोंचल्यावांचून पंखा थांबवीत नाहीं. मग पंखा थांबणार केव्हां? तो थांबेचना! एंजिन बंद केल्यावरही तो अर्धाअर्धा तास फिरत राही. १० अँपिअरचा पंखा अर्धा तास फिरला कीं बॅटरींतून ५ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरीच मुळीं ३५ अँपिअर-तासांची. चैत्रांत दोन वेळां गाडी ढकलून सुरू करावी लागली. वैशाखांत पंख्याच्या मोटरचे कार्बन झिजून ती बंद पडली. मोकळ्या रस्त्यावर वारा होता तोंपर्यंत कोणास कळलें नाहीं. लातूरच्या लग्नास जातांना वाटेंत एका वरातीमागें गाडी अडकली आणि कांटा लाल रेघेच्या पलीकडे गेला. पुतण्यानें ओला पंचा गुंडाळून रेडिएटरचें झांकण उघडलें. मनगटापासून कोंपरापर्यंत हात भाजला. लग्न राहिलें बाजूलाच, आठ दिवस दवाखान्यांत काढावे लागले. ज्या स्विचानें गाडी थंड राहावयाची होती त्यानेंच, फार काळजी वाहून, पंख्याचा जीव घेतला.

झांकण उघडतांच असें कां व्हावें हें मुलांनाही समजावून सांगण्याजोगें आहे. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळतें. लातूर पांच-सहाशे मीटर उंचावर आहे, तेथें तें सुमारें ९८ वरच उकळतें. नांदेडास त्याहून किंचित वर. परंतु रेडिएटरचें झांकण पाणी दाबून ठेवतें. झांकणावर ०.९ असा आंकडा असेल तर आंतील पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. प्रेशर कुकरचेंच हें तत्त्व. आंतील पाणी ११० अंशांवर असतां झांकण काढलें कीं दाब नाहींसा होतो आणि तेंच पाणी त्या क्षणीं उकळून उसळतें. कुकरची वाफ जिरल्यावांचून गृहिणी झांकण काढीत नाहींत. मोटारीच्या बाबतींत पुरुषमंडळींनीं त्यांचाच धडा गिरवावा. वरची रबरी नळी हाताला निवलेली आणि दाबली असतां मऊ लागेपर्यंत झांकणास हात लावूं नये, आणि तापलेल्या एंजिनावर थंड पाणीही ओतूं नये.

मग स्विच निवडावा कसा? नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं आहेत. त्यांच्या आधारानें चालूं.

पहिलें शब्दप्रमाण. गाडीबरोबर आलेली पुस्तिका घरांत असेल तर तिच्यांत जो आंकडा दिला आहे तो प्रथम मानावा. ज्यांनीं एंजिन घडविलें त्यांनीं तें तापवून पाहिलेलें असतें. मूळ पंखा, मूळ रेडिएटर आणि मूळ थर्मोस्टॅट कायम असतील तर येथेंच विषय संपला.

दुसरें अनुमान. पंखा मागाहून बसविलेला असेल, किंवा पुस्तिका हरवली असेल, तर थर्मोस्टॅटपासून आरंभ करावा. त्याच्या धातूवर आंकडा कोरलेला असतो, समजा ८२. त्या अंशावर तो उघडूं लागतो आणि पूर्ण उघडण्यास आणखी दहाबारा अंश घेतो. स्विच एंजिनाच्या बाजूस, म्हणजे तापलेलें पाणी बाहेर पडतें तेथें असेल, तर पंखा थांबण्याचा आंकडा थर्मोस्टॅटच्या आंकड्याहून चारपांच अंश वर असावा आणि सुरू होण्याचा सुमारें दहा अंश वर. म्हणजे ८२ च्या थर्मोस्टॅटला ९२/८७ चा स्विच योग्य. ८८ च्या थर्मोस्टॅटला ९८/९३ च्या जवळपासचा. स्विच रेडिएटरच्या खालच्या बाजूस, निवालेलें पाणी परत एंजिनाकडे जातें तेथें असेल, तर हिशेब बदलतो. तेथें पोंचेपर्यंत पाणी बहुधा पांच ते दहा अंश उतरलेलें असतें, म्हणून स्विचाचा आंकडाही तितकाच खालचा हवा. एकाच आंकड्याचा स्विच वर बसविला तर वेळेवर जागा होईल आणि खालीं बसविला तर उशिरा. दुकानदारानें 'कोणत्या अंशाचा देऊं?' असें विचारण्यापूर्वीं 'कोठें बसवावयाचा?' असें विचारलें तर तो जाणता समजावा.

तिसरें प्रत्यक्ष. स्विचावर आंकडा कोरला आहे एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. चुलीवर भांड्यांत पाणी ठेवावें. स्विचाचें धातूचें टोंक पाण्यांत बुडेल आणि तारा जोडण्याचें टोंक कोरडें राहील असा तो तारेनें टांगावा. भांड्याच्या तळाला तो टेकूं देऊं नये. शेजारीं प्रयोगशाळेंतला तापमापक धरावा. तापाचा तापमापक फुटेल. स्विचाशीं मल्टीमीटर, किंवा बॅटरी आणि लहान दिवा जोडावा. दिवा लागतो तो अंश लिहून ठेवावा, मग आंच बंद करून दिवा विझतो तो अंशही लिहावा. दोनतीन अंशांचा फरक क्षम्य आहे. लातूरकरांनीं एक लक्षांत ठेवावें कीं तेथें उघड्या भांड्यांतलें पाणी ९८ च्या वर जाणारच नाहीं. तेव्हां १०० अंशांचा स्विच त्यांत जागा झाला नाहीं तर त्याला दोष देऊं नये. ९५ पर्यंतचे स्विच मात्र निर्वेध तपासतां येतील. या कामास घेतलेलें भांडें पुन्हां स्वयंपाकांत वापरूं नये. वापरलेल्या स्विचास कूलंट चिकटलेलें असतें, आणि कूलंटांतील ग्लायकोल विषारी व चवीला गोडसर असतें. लहान मुलांपासून आणि जनावरांपासून तें दूर ठेवावें.

चवथें उपमान, म्हणजे सादृश्यावरून ज्ञान. 'शेजाऱ्याच्या गाडीस ८२ चा आहे, आपलीही तशीच दिसते, म्हणून आपल्यालाही ८२ चा' हें त्याचें बाजारी रूप. नैयायिकांनीं उपमान मानलें असलें तरी मोटारीच्या बाबतींत तें सर्वांत दुबळें. गाड्या सारख्या दिसतात. थर्मोस्टॅट सारखे असतीलच असें नाहीं.

आंकड्याखेरीज आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. स्विचाचे आटे जुन्या स्विचाशीं तंतोतंत जुळले पाहिजेत. २२ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे पुष्कळ गाड्यांत आढळतात, पण सर्वांत नाहीं. जवळजवळ बसणारा स्विच जोर करून पिळला तर रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टांकीस चीर जाते. जुना स्विच हातांत घेऊनच दुकानांत जावें. ज्या स्विचास तार जोडण्यास एकच टोंक असतें त्याचा दुसरा मार्ग त्याच्या अंगांतून एंजिनाच्या धातूंत जातो. अशा स्विचाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली तर तो मार्ग तुटण्याचा संभव असतो. त्याला तांब्याची चकती पुरे. दोन टोंकांचा स्विच असेल तर ही अडचण नाहीं.

विजेचा हिशेबही सोपा आहे. १२० वॅटचा पंखा १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा भार लहानशा स्विचावर घातला तर आंतील टोंकें जळून एकमेकांस चिकटतात किंवा काळीं पडून जुळेनाशीं होतात. म्हणून मध्यें रिले असावा. ओझें रिलेनें उचलावें आणि स्विचानें केवळ हुकूम द्यावा. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा. पंखा नव्यानें बसविला असेल तर तो उलट्या दिशेनें फिरत नाहीं ना हें पाहावें. पंखा रेडिएटरच्या मागें, एंजिनाच्या बाजूस असेल तर समोरच्या जाळीवर धरलेला कागदाचा कपटा जाळीस चिकटून राहिला पाहिजे. उडून गेला तर तारा उलट जोडल्या आहेत. आणि घरांतील सर्वांना बजावून ठेवावें कीं एंजिन बंद असतांही हा पंखा आपोआप सुरू होऊं शकतो. बॉनेट उघडलें असतां पदर, ओढणी, बांगड्या आणि मुलांचीं बोटें तेथून दूर असावीत.

स्विच पाण्यांत बुडालेला असेल तरच त्याला उष्णता कळते. पाणी कमी होऊन त्याच्याभोंवतीं नुसती हवा किंवा वाफ राहिली तर एंजिन जळत असतांही तो निवांत झोपून राहील. म्हणून पंख्याचा स्विच म्हणजे पाणी तपासण्याच्या आळसावर उतारा नव्हे. थंड एंजिनांतील पाण्याची पातळी आठवड्यांतून एकदां पाहिलीच पाहिजे. पाणी म्हणजे विहिरीचें किंवा बोअरचें पाणी नव्हे. आपल्या काळ्या पाषाणांतून येणारें पाणी बहुधा जड असतें. पाणी तापविण्याच्या बंबांत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मघांच्या दहा आण्यांचे सहा आणे करून टाकतो. शुद्ध केलेलें पाणी आणि कूलंट यांचें मिश्रणच वापरावें. लहान गाडीस तें चार-पांच लिटरच लागतें. पुष्कळ वेळां ज्यास आपण स्विचाचा दोष म्हणतों तो या थराचा दोष असतो. अशा गाडीस नवा स्विच नको, रेडिएटरची धुलाई हवी.

लातूरकरांना पाण्याचें मोल कोणी शिकवावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरास पोंचली. आपली तहान भागविण्यासाठीं रेल्वे आली ती डिझेल एंजिनाच्या बळावर. त्या मार्गावर तेव्हां विजेच्या तारा नव्हत्या. डिझेल एंजिनासही रेडिएटर आणि पंखा असतोच. वाराणसीच्या कारखान्यांत १९६४ पासून घडविलेल्या अल्को पद्धतीच्या एंजिनांत याची व्यवस्था पाहण्यासारखी होती. एका तापमान-स्विचानें पंखा मंद गतीनें सुरू होई, त्याहून थोड्या वरच्या अंशावर दुसऱ्या स्विचानें तो पूर्ण वेग घेई, आणि तिसरा स्विच, बराच वरचा, पंख्याशीं संबंधच ठेवीत नसे. तो चालकास धोक्याची सूचना देई. रेल्वेच्या जाणकारांनीं पंख्याचा स्विच आणि सावधगिरीची घंटा हीं दोन कामें वेगळीं ठेविलीं. आपणही तसेंच करावें. पंखा वेळेवर जागा होण्यासाठीं योग्य आंकड्याचा स्विच, आणि चालविणाऱ्याच्या दृष्टीसमोर तापमानाचा चालू कांटा. कांटा बंद पडलेली गाडी उन्हाळ्यांत लांबच्या प्रवासास नेऊंच नये.

एवढी दक्षता घेऊनही स्विच वाटेंत दगा देऊं शकतो. कांटा चढूं लागला आणि पंख्याचा आवाज येत नसेल तर गाडी बाजूस घ्यावी, वातानुकूलन बंद करावें, एंजिन थांबवावें. मंडळींना उतरवून सावलींत बसवावें. मग दोन टोंकांच्या स्विचाच्या तारा काढून त्या एकमेकींस जोडाव्या. एक टोंकाचा असेल तर त्याची तार एंजिनाच्या उघड्या धातूस लावावी. पंखा फिरूं लागला तर दोष स्विचाचा. तसाच जोडून सावकाश घर गांठतां येईल, घरीं पोंचल्यावर मात्र तारा सोडवाव्या. पंखा तरीही फिरला नाहीं तर दोष फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर यांपैकीं कोणाचा तरी आहे. अशा वेळीं मिस्त्रीची वाट पाहणें बरें.

लग्नाच्या याद्या जेथें ठेवतां त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तीन आंकडे लिहून ठेवावेत: थर्मोस्टॅट किती अंशांचा, स्विच किती अंशांचा, आणि रेडिएटरच्या झांकणावर कोणता आंकडा आहे. गाडी चालविणारा मुलगा परगांवीं असला तरी घरांतील सून किंवा नात तें पान मिस्त्रीपुढें ठेवूं शकेल. दुकानांत गेल्यावर 'सर्वांत थंड स्विच द्या' असें न म्हणतां 'माझ्या थर्मोस्टॅटवर एवढे अंश हवे' असें म्हणावें.

पुढील अंकीं बॅटरींतील पाण्याविषयीं लिहूं.